आटे गेले म्हणून वस्तू जात नाही

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळच्या फेऱ्या संपल्या की आमचं सात-आठ जणांचं टोळकं बाहेर टपरीवर चहाला थांबतं. निम्मे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले, एक बँकेतले, एक शाळामास्तर. मागच्या महिन्यात मास्तरांनी पिशवीतून जुना जपानी कॅसेट डेक काढला आणि बाकावर ठेवला. "पट्टा बदलायला उघडला. पट्टा बदलला, पण आतला भाग पुन्हा घट्ट बसेना. दोन स्क्रू नुसते गरगर फिरतात." त्यावर आमचे साहेब बशीतून मान न उचलता म्हणाले, "आटे गेले ना? मग वस्तू गेली. द्या भंगारात." साहेब म्हणजे एका मोठ्या कारखान्याचे निवृत्त प्रॉडक्शन मॅनेजर. कारखाना सुटला, पण 'साहेब' तसंच राहिलं.

एवढ्यावर थांबले असते तर मी हा लेख लिहिला नसता. पण साहेबांनी एकेक बोट मोडत मुद्दे मांडले. गेलेल्या आट्याला पहिली ताकद कधीच येत नाही. दुरुस्तीचा खटाटोप म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. विजेच्या वस्तूत असले उद्योग करणं धोक्याचं. आणि भंगारात दिलं तरी माल वितळून पुन्हा कामाला येतोच, मग गळा काढायचा कशाला? टोळक्याने माना डोलावल्या. मी गप्प बसलो. मी टूलरूमचा माणूस. साहेब बोलत असताना मध्ये तोंड घालायची सवय तीस वर्षांत लागली नाही, ती आता कुठून लागणार? घरी आल्यावर मात्र राहवेना. साहेब हुशार आहेत, सरळ आहेत, आणि या बाबतीत साफ चुकले आहेत.

मुळात आटा म्हणजे काय, इथेच गफलत आहे. पुस्तकात त्याला मळसूत्र म्हणतात. सातपूरच्या एखाद्या शेडमध्ये जाऊन मळसूत्र म्हणालात तर पोरं तोंडाकडे बघत राहतील. तिथे आटे असतात: आटे पाडायचे, आटे मारायचे, आटे गेले. नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडावर चढणारा रस्ता डोंगराला वळसे घेत जातो, तसा भोकाच्या भिंतीत आतून कोरलेला रस्ता म्हणजे आटा. स्क्रू त्या रस्त्याने आत जातो आणि त्याच रस्त्याने बाहेर येतो. पावसाळ्यात दरड आली, रस्ता खचला, तर बांधकाम खातं डोंगर मोडीत काढत नाही. साहेबांचा सल्ला मात्र नेमका तोच आहे.

माझ्या लहानपणी दारावर 'टाकीऽऽ' अशी हाळी यायची. वडारणी पाट्याला आणि जात्याला टाकी लावून द्यायच्या. पाटा वर्षभर वापरून गुळगुळीत झाला, त्यावर चटणी नुसती घसरायला लागली, म्हणजे पाटा संपला असं आजीला कधी वाटलं नाही. छिन्नी-हातोडीने तासाभरात नव्या खाचा पडायच्या आणि पाटा आणखी वर्षभर चालायचा. आटा ही त्याच जातीची गोष्ट. तो वापराने झिजतो, चुकीच्या हाताने लवकर झिजतो, आणि पुन्हा पाडता येतो. पहिल्यांदा तो कोणीतरी पाडलेलाच होता.

आता ताकदीचा मुद्दा. साहेबांनी तो सगळ्यांत ठणकावून मांडला, आणि तोच नेमका उलटा आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात बसलेला पोलादी स्क्रू जोराने ओढला तर सहसा स्क्रू तुटत नाही. भोकातले मऊ आटे सोलून त्याच्याबरोबर बाहेर येतात. म्हणजे पकड किती, हे स्क्रूच्या पोलादापेक्षा भोकाचा घेर आणि खोली यांवर ठरतं. समजा ३ मिलिमीटरच्या, म्हणजे दुकानात ज्याला एम-३ म्हणतात त्या स्क्रूचे आटे गेले. भोक ३.२ मिलिमीटरच्या ड्रिलने साफ करायचं, त्यात त्या कामाचा खास टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवायचा आणि हेलिकॉइल बसवायची. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची छोटी गुंडाळी. तार गोल नसते, आडवी कापली तर तिचा छेद शंकरपाळ्यासारखा दिसतो. शंकरपाळ्याचं बाहेरचं टोक भोकाच्या नव्या आट्यात बसतं आणि आतलं टोक स्क्रूच्या आट्यात. मोकळी असताना गुंडाळी भोकापेक्षा किंचित जाड असते, त्यामुळे एकदा आत फिरवली की भिंतीला आपणहून दाबून बसते. शेवटी तिची शेपटी तोडून चिमट्याने उचलायची, ती आत पडू द्यायची नाही. आता स्क्रू तोच, जुन्याच मापाचा. पण अ‍ॅल्युमिनियमला पकडलंय ते आधीपेक्षा मोठ्या घेराने, आणि स्क्रू घासतो तो मऊ धातूवर नाही, पोलादावर. ही पकड कंपनीतून आलेल्या पकडीपेक्षा जास्त असते.

माझा शब्द नको असेल तर विमानांचं बघा. १९६४ पासून आपल्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, आमच्या टोळक्यातल्या दोघांचे भाऊबंद तिथूनच निवृत्त झाले. विमानाच्या धंद्यात अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या भागांत तारेच्या अशा गुंडाळ्या भाग नवा कोरा असतानाच बसवण्याची रीत जगभर आहे. आटे गेले म्हणून नाही, जाऊ नयेत म्हणून. साहेब ज्याला ठिगळ म्हणतात ते आकाशात उडणाऱ्या वस्तूंना जन्मतः लावलेलं असतं.

आणखी एक गोष्ट टूलरूममध्ये सगळ्यांना ठाऊक असते आणि ऑफिसात कोणाला नसते. भोकातले सगळे आटे सारखं ओझं उचलत नाहीत. पहिला आटा एकूण ओझ्याचा साधारण तिसरा हिस्सा घेतो, त्याच्यामागचे कमी कमी. म्हणून वरचे तीन आटे गेले आणि खालचे शाबूत असले, तर पुष्कळदा दोन मिलिमीटर जास्त लांब स्क्रूनेच काम भागतं. अट एवढीच की भोक तेवढं खोल हवं. नसेल तर तोच लांब स्क्रू पलीकडच्या सर्किट बोर्डात घुसतो आणि रोगापेक्षा इलाज भयंकर होतो. ते भोक काडी घालून मोजायला अर्धं मिनिट लागतं. किती जण मोजतात?

मास्तरांचा डेक मी घरी आणला. स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी माझं टेबल आहे, तिथे जुना टॉवेल अंथरला आणि दिवा खाली ओढला. चार स्क्रूंपैकी दोन मूळचे. त्यांना व्हर्निअर लावला तर माप २.६ मिलिमीटरला हवेएवढं कमी. इथेच सगळी कहाणी उलगडली. जुन्या जपानी ऑडिओ वस्तूंत २.६ मिलिमीटरचा स्क्रू सर्रास असे. शालिमार आणि रविवार कारंजाच्या हार्डवेअरच्या दुकानांत मात्र २.५ मिळतो नाही तर ३. मास्तरांच्या डेकवर पूर्वी हात चालवलेल्या कोणा कारागिराचे दोन स्क्रू हरवले असणार. एका भोकात त्याने २.५ चा घातला. दोघांचे आटे सारख्याच अंतराचे, त्यामुळे तो आत गेला, पण ढिला. ढिला वाटला म्हणून त्याने पिळला आणि वरचे आटे सोलले. दुसऱ्या भोकात ३ चा स्क्रू सरळ रेटला. तो टॅपसारखा कापत गेला, पण टॅप नसल्यामुळे फाडत गेला. वर चारही स्क्रूंची डोकी घासलेली. तेही गूढ नाही. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली आणि आपल्याकडच्या स्टार स्क्रू ड्रायव्हरची फिलिप्स फुली दिसायला सख्ख्या बहिणी, पण मापाने चुलत. फिलिप्सचं टोक जपानी फुलीत तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की उसळून बाहेर येतं आणि कडा खाऊन टाकतं.

म्हणजे डेक म्हातारा होऊन मेला नव्हता. एक दशांश मिलिमीटरच्या निष्काळजीपणाने त्याला जायबंदी केलं होतं.

पहिल्या भोकात उदबत्तीची काडी घालून बघितली. खोली भरपूर होती, तळचे आटे धड होते. माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात मेलेल्या वस्तूंचे स्क्रू मी वीस वर्षं साठवतोय, आणि त्यावरून घरात बोलणी खातोय. त्यात २.६ चा थोडा लांब स्क्रू सापडला. तो भोकात ठेवून आधी उलटा फिरवला. उलटा फिरवताना जुन्या रस्त्याचं तोंड आलं की स्क्रू टक् करून एक पायरी खाली उतरतो. बोटांना ते कळतं, कानालाही कळतं. मगच सुलटा फिरवायचा. या एका सवयीने निम्मे आटे वाचतील. ती शिकायला कुठलाही कोर्स लागत नाही, पण मी ती फार थोड्या दुकानांत पाहिली आहे.

दुसरं भोक फाटलेलं. तिथे ३ चा स्क्रू घुसवलाच होता, तर तो रीतसर बसवायचा. आजूबाजूला अ‍ॅल्युमिनियम जाड होतं. शेजारचा बोर्ड कागद आणि चिकटपट्टीने झाकला, कारण धातूचा चुरा सर्किटवर पडला की आटे राहतात बाजूला आणि डेक खरोखरच जातो. अडीच मिलिमीटरचं ड्रिल हाताच्या पकडीत धरून बोटांनीच फिरवलं. मग टॅप, त्याला रॉकेलचा थेंब. पोलादाला तेल चालतं, अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल मानवतं. आमच्या आयटीआयच्या सरांनी शिकवलेलं अजून हातात आहे: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पुढे जाताना धातू कापला जातो, मागे येताना चुरा तुटतो. घाई केली, नुसता पुढेच रेटला, तर टॅप भोकात मोडतो. मोडलेला टॅप काढण्यापेक्षा नवा डेक शोधणं सोपं, हे साहेबांना मी लेखी द्यायला तयार आहे. चुरा उचलायला लोहचुंबक हाताशी होता आणि अ‍ॅल्युमिनियमला त्याचा उपयोगही नव्हता, तरी सवयीने हात गेला. मागे घेतला. शेजारीच टेपचं हेड, त्याला चुंबक दाखवणं म्हणजे गायकाच्या घशात मिरची घालणं. मऊ ब्रशने झाडून घेतलं. वरच्या पट्टीतलं भोक गोल कानशीने चार हात मारून जरा मोठं केलं, स्क्रू बसवला. शेवटचा पाव फेरा फक्त तर्जनी आणि अंगठ्याने. पाऊण तास गेला. त्यात दहा मिनिटं चहाची.

प्लास्टिकच्या बाबतीत साहेबांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं बोलणाऱ्याशीच वाद घालायला मजा येते. प्लास्टिकच्या पेटीत स्क्रू ज्यात बसतो तो आतला छोटा खांब पातळ असतो. तिथे जाड स्क्रू रेटला तर खांब उभा चिरतो. पण म्हणून तो मेला असं नाही. फक्त तिथे धातूचे नियम चालत नाहीत आणि आधी प्लास्टिक कोणतं ते ओळखावं लागतं. बहुतेक रेडिओ, टेप आणि कॉम्प्युटरच्या पेट्या एबीएसच्या असतात. एबीएस तापवलं की मऊ होतं, म्हणून सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर पितळी बुश धरून तो हळूच खांबात उतरवता येतो. थंड झाल्यावर बुशाच्या खरबरीत अंगात प्लास्टिक रुतून बसतं. आता स्क्रू पितळेत फिरतो, शंभर वेळा उघडा. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या बॅकेलाइटला हीच युक्ती लावाल तर फसाल, कारण बॅकेलाइट एकदा कडक झालं की पुन्हा वितळत नाही, फक्त करपतं. तिथे भोक साफ करून दोन ट्यूबवालं इपॉक्सी भरायचं, रात्रभर वाळू द्यायचं आणि सकाळी त्यात आटे पाडायचे. चिरलेल्या खांबाला बाहेरून तांब्याच्या बारीक तारेचे घट्ट वेढे आणि वर इपॉक्सी. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात त्यातलाच प्रकार. आणि स्क्रू सुटू नये म्हणून धातूला लावतात तो आट्यांचा गोंद प्लास्टिकला चुकूनही लावू नये. एबीएसला त्याने बारीक तडे जातात आणि महिन्याभरात खांब आपोआप गळून पडतो.

लॅपटॉपचा 'हिंज गेला' म्हणून दुकानदार जे सांगतात, ते बऱ्याच वेळा हेच असतं. बिजागरीत बिघाड नसतो. ती कडक झालेली असते, आणि तिला धरणारे पितळी बुश प्लास्टिकमधून उपटून आलेले असतात. गिऱ्हाइकाच्या गळ्यात अख्खं वरचं पॅनेल मारलं जातं. खरी दुरुस्ती म्हणजे बिजागरीचा नट पाव फेरा सैल करायचा आणि बुश इपॉक्सीत पुन्हा बसवायचे.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे, कारण साहेबांना खरं बळ तेच पुरवतात. जुगाडाचं कौतुक करणारे ते. आटे गेले की भोकात फेविक्विक ओतायचं, वर खायचा सोडा भुरभुरायचा, क्षणात दगड होतो, झालं काम! हो, दगड होतो. सोड्याने तो गोंद झटकन घट्ट होतो, तापतोही, डोळ्यांत पाणी आणणारी वाफ सोडतो. त्या दगडात व्यवस्थित भोक पाडून, आटे कापून, पुन्हा न उघडायच्या जागी स्क्रू बसवला तर तो टिकतोही. पण तसं कोण करतं? ओल्या गोंदातच स्क्रू पिळतात. स्क्रू कायमचा चिकटतो, पुढच्या वेळी खांबासकट निघतो, आणि उरलेला गोंद वाहत जाऊन एखादा स्विच जाम करून ठेवतो. गोंदाचा दोष नाही. दुरुस्ती म्हणजे वस्तू पुन्हा उघडता आली पाहिजे, एवढी साधी कसोटी या मंडळींनी सोडून दिली आहे. आगपेटीची काडी कोंबणारे, भोकात टेपचा तुकडा गुंडाळणारे, एम-३ च्या जागी लाकडाचा स्क्रू ठोकणारे, यांच्या हातची वस्तू पाहूनच साहेबांसारख्या माणसाचं मत बनतं की जुनं दुरुस्त होत नाही. त्यांनी दुरुस्ती पाहिलेलीच नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मी मान्य करतो आणि उलटून त्यांच्याच पदरात घालतो.

गणपतीच्या मंडळांच्या आणि घरगुती बनावटीच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये २एन३०५५ नावाचा ट्रान्झिस्टर असतो. जाडसर धातूची टोपी, दोन बाजूंना दोन भोकं. दोन स्क्रूंनी तो अ‍ॅल्युमिनियमच्या हीट सिंकवर आवळलेला असतो, मध्ये अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट. त्याची धातूची टोपी म्हणजेच त्याचा कलेक्टर, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी तो स्क्रू नुसता पकडीचा नसतो, करंटही त्यातूनच जातो. आता एका स्क्रूचे आटे गेले. ट्रान्झिस्टर एका बाजूने केसभर उचलला गेला. उष्णता हीट सिंकमध्ये जायची ती जात नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत आवाज चढवला की वीस मिनिटांत तो जळतो. दुकानदार नवा ट्रान्झिस्टर टाकतो, त्याच गेलेल्या आट्यांवर, आणि तोही जळतो. मग निकाल येतो की अ‍ॅम्प्लिफायर जुना झाला. माझ्या एका परिचिताने तीन वर्षांत असे चार ट्रान्झिस्टर जाळले. पाचव्या वेळी कोणी ट्रान्झिस्टरकडे न बघता स्क्रूकडे बघितलं.

तीच गोष्ट अर्थिंगच्या स्क्रूची. पत्र्याच्या पेटीला अर्थिंगची वायर ज्या स्क्रूने आवळलेली असते त्याचे आटे पत्र्यात जेमतेम दोन-तीन असतात, कारण पत्राच एक मिलिमीटरचा. ते गेले की वायर लोंबते आणि आत काही बिघडलं तर पेटीलाच करंट येतो. साहेब म्हणतात, विजेच्या वस्तूत आट्यांचे उद्योग नकोत. मी म्हणतो, विजेच्या वस्तूत आटे गेलेले ठेवणं हाच मोठा उद्योग आहे. पत्र्याच्या मागून पितळी नट सोल्डर करा, नाही तर पॉप रिव्हेटसारखा बसणारा रिव्हेट-नट लावा. दहा मिनिटांचं काम, आणि फक्त इथे मी घाईला माफी देत नाही.

कोंबडी आणि मसाल्याचा हिशेब लवकर उरकतो, कारण त्यात दम नाही. एम-३ चा एक टॅप दोन प्लेट मिसळीच्या पैशांत येतो आणि नीट वापरला तर शेकडो भोकं पाडतो. साहेब किंमत लावतात ती जुन्या बाजारात डेकला मिळेल त्या भावाची. मास्तरांना तो विकायचा नाही, वापरायचा आहे. त्यांच्याकडे वडिलांच्या कीर्तनाच्या अकरा कॅसेट आहेत आणि तसा डेक आज दुकानात मिळत नाही. किंमत लावायचीच तर त्या जागी दुसरं काय मिळेल याची लावा. आणि वेळेबद्दल बोलायचं तर टपरीवर आम्ही रोज पाऊण तास राजकारण करतो. त्याचा ओव्हरटाइम अजून कोणी मागितलेला नाही.

राहिलं भंगार. साहेबांना वाटतं, वितळलं की माल परत आला. सराफ बाजारात दागिना मोडायला नेलेल्या कुठल्याही बाईला विचारा, काय बुडतं. सोनं मिळतं, घडणावळ बुडते. डेकमध्ये तांबं, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम सगळं मिळून किती निघणार? त्याची खरी किंमत घडणावळीत होती: हजारो लहान भाग एकमेकांना जुळवलेले, मोटर एका ठराविक गतीने फिरणारी, हेड केसाच्या अंशाने नीट लावलेलं. ते सगळं एका फाटलेल्या भोकासाठी भट्टीत. आणि तेही भट्टीपर्यंत पोचलं तर. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालात जगाचा २०२२ मधला ई-कचरा ६ कोटी २० लाख टन सांगितला आहे. त्यातला रीतसर गोळा होऊन प्रक्रिया झालेला २२.३ टक्के. बाकीचा कुठे जातो ते अंबड-सातपूर लिंक रोडवरून पूर्वी गेलेल्यांना सांगायला नको. तिथला भंगार बाजार २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने पाडला. बाजार पाडला म्हणून भंगार थोडंच थांबतं? ते दुसऱ्या रस्त्याला लागलं.

सरकारला हे थोडंफार कळू लागलंय, पण सावकाशीने. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. पुढे दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक ठरवणाऱ्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात वस्तू उघडायला किती सोपी, सुटे भाग वेळेत मिळतात का, याच्या जोडीला स्क्रू कोणत्या जातीचे आणि ते मिळतात का, हेही मोजायचं आहे. एवढी एक ओळ वाचून मला बरं वाटलं. ज्या जगात २०११ पासून आयफोनच्या तळाला पाच पाकळ्यांचे स्क्रू आले, आणि ते घरच्या स्क्रू ड्रायव्हरने उघडता येत नाहीत, तिथे स्क्रूला गुण मिळणार असतील तर मिळोत. पण सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून आहे. मास्तरांच्या डेकला, मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरला कोणीही वाली नाही. त्यांचे आटे आपणच पाडायचे आहेत.

सगळं वाचवावं असा माझा हट्ट नाही. गेल्या वर्षी मी स्वतः पिक्चर ट्यूबवाला टीव्ही देऊन टाकला. ट्यूबच गेली होती आणि ती टॅपने पाडता येत नाही. बॅकेलाइटचा एक रेडिओ दोन महिने माझ्या टेबलावर उघडा पडला आहे. त्याचा एक खांब चुरा होऊन गेलाय आणि मूळचे स्क्रू ब्रिटिश बीए मापाचे. २.८ मिलिमीटरचा ६-बीए आणि आपला एम-३ इतके जवळचे की कोणीतरी एकात दुसरा रेटलाच होता. दोघांच्या आट्यांचा कोनही वेगळा, एकाचा साडेसत्तेचाळीस अंश, दुसऱ्याचा साठ. ६-बीएचा टॅप मला नाशिकमध्ये मिळालेला नाही. मिळेपर्यंत तो रेडिओ तसाच राहील. हरायचंच तर ते एका टॅपपुढे, साहेबांच्या मुद्द्यापुढे नाही.

मास्तरांचा डेक मी परवा परत दिला. कॅसेट घातल्यावर त्यांनी आधी काही ऐकलं नाही, डेक हातात धरून हलकेच हलवून बघितला, काही खुळखुळतंय का म्हणून. साहेब शेजारीच बसले होते. त्यांनी चहा संपवला आणि हवापाण्यावर बोलायला सुरुवात केली.

तर साहेब, आता तुमच्याशी थोडं थेट. दिवाळीत तुमच्या घरी फराळाला आलो होतो तेव्हा हॉलमधला तुमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर भिंतीपासून पुढे ओढलेला होता. मागच्या बाजूला सहा भोकं आणि चार स्क्रू. रिकाम्या भोकांपैकी एकाच्या बाजूला अर्थिंगची खूण छापलेली आहे आणि हिरवी वायर त्याच्या खाली लोंबते आहे. रविवारी तो पिशवीत घालून ट्रॅकवर आणा. उरलेले चार स्क्रूही आणा, डबीत घालून. वाटेत घट्ट करायला जाऊ नका. आणि तोवर त्याचा प्लग काढून ठेवा.